आप्पांचा लांबलेला मुक्काम

"ही माती न्हाई," आप्पा म्हणाले. काठीचं टोक त्यांनी वाफ्यात खुपसलं, थोडं उकरलं आणि नाकाजवळ नेऊन हुंगलं. "लाकडाचा भुगा आहे. झाडं कुंडीसकट पुरलीत. ही बघ कड."

भुग्याखालून काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची कड खरंच दिसत होती. तिच्यात पिवळ्या ट्यूलिपची दहा-बारा फुलं ताठ उभी होती.

"लोकांना कळत नसेल?" मी विचारलं.

"कळतंय की. पण बर्फातनं आलेल्या माणसाला कुंडी बघायची नसती. फूल बघायचं असतं."

एवढं सलग आप्पा गेल्या कित्येक आठवड्यांत बोलले नव्हते. मी नुसती मान हलवली. सकाळपासून माझं डोकं दुखत होतं आणि त्यांच्याशी जे बोलायला मी त्यांना इथं आणलं होतं, ते अजून तोंडातून निघत नव्हतं.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. आम्ही तेव्हा अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये राहत होतो. आमच्या शहरात दर मार्चमध्ये हे बागांचं प्रदर्शन भरायचं. उन्हाळ्यात ज्या भल्यामोठ्या दालनात गाईगुरांच्या स्पर्धा व्हायच्या, त्याच सिमेंटच्या जमिनीवर तीन दिवसांत बागा उभ्या राहायच्या. लाकडी पूल, टबात पडणारा धबधबा, खाली दगड, कडेनं डॅफोडिल आणि हायसिंथ. बाहेर पार्किंगच्या कडेला काजळी धरलेल्या बर्फाचे ढीग होते, आणि आत माणसं जाडजूड कोट हातावर टाकून, कॉफीचे पेले सांभाळत, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी हळू आवाजात बोलत फिरत होती. त्या भागात हिवाळा नोव्हेंबरला सुरू होतो आणि एप्रिल उजाडला तरी हलत नाही. मार्चपर्यंत सगळेच थकलेले असतात.

आप्पा म्हणजे माझे सासरे, नारायणराव इंगवले. कोल्हापूरला महापालिकेच्या बाग खात्यात चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. सासूबाई गेल्यावर दोन वर्षांनी, ऑक्टोबरात, ते आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले. जानेवारीच्या बारा तारखेचं परतीचं तिकीट होतं. दहा तारखेला त्यांना खोकला सुरू झाला, म्हणून ते पुढं ढकललं. फेब्रुवारीच्या तारखेच्या आधी चक्कर आली. मग गुडघा धरला. डॉक्टर झाले, एक्स-रे झाला, वयाप्रमाणे थोडी झीज आहे असं निदान झालं. मी औषधाच्या दुकानातून काठी आणली आणि रोज संध्याकाळी, इस्पितळातल्या लॅबमधून आले की, त्यांच्या गुडघ्याला तिळाचं तेल चोळून द्यायला लागले. मार्च उजाडल्यावर ते म्हणाले, "एवढं आलोय तर इथला वसंत बघूनच जातो."

रोज सकाळी खिडकीशी उभं राहून ते विचारायचे, "आज किती?" मी तापमान सांगायची. उणे आठ. उणे अकरा. ते "हं" म्हणायचे आणि जाऊन सोफ्यावर बसायचे. दिवसभर तिथंच. मी परत यायची तेव्हा ते त्याच जागी, टीव्ही बंद, मांडीवर हात.

रणजित, माझा नवरा, सोमवारी पहाटे कामासाठी डॅलसला जायचा आणि कधी शुक्रवारी, तर बहुतेक वेळा रविवारी परत यायचा. म्हणजे आप्पा माझ्याकडे होते. भाकरी मी करत होते, डॉक्टरांकडे मी नेत होते. कुणाबद्दल वाईट म्हणून हे सांगत नाही. पण जानेवारीपासून त्यांच्या प्रत्येक खोकल्याला मी मनातल्या मनात बोल लावत होते, हेही खरं आहे. कारण आप्पा गेले की मी रणजितला सोडून जायचं ठरवलं होतं.

हे ठाण्यातल्या माझ्या बहिणीशिवाय कुणाला माहीत नव्हतं. न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीच्या एका इस्पितळात मला काम मिळालं होतं. त्यांनी माझ्यासाठी दोनदा मुदत वाढवली होती. आता सोमवारी सकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. आणि शुक्रवारी संध्याकाळी रणजितचा फोन आला की आप्पा आणखी सहा महिने राहायचं म्हणताहेत, तो त्यांच्या व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज भरतोय. "तुला काही अडचण नाही ना?" असं त्यानं विचारलं, आणि माझं उत्तर यायच्या आत दुसरा फोन येतोय म्हणून ठेवला.

शनिवारी मी आप्पांना गाडीत घातलं आणि प्रदर्शनाला आणलं. घरात बोलणं जमलं नसतं. इथं चार माणसांत ते आवाज चढवणार नाहीत, मीही रडणार नाही, असा माझा विचार.

दालनाच्या टोकाला, खिडक्या आणि छपराच्या पन्हळी विकणाऱ्या दुकानांच्या शेजारी, एक लहानशी बाग होती. तिथं साठीच्या एक बाई निळ्या हायड्रेंजियांना झारीनं पाणी घालत होत्या. झाडांनी माना टाकल्या होत्या. बाई पाणी घालत होत्या, मागं सरून बघत होत्या, परत घालत होत्या.

आप्पा थांबले. वर बघितलं. मग मला म्हणाले, "तिला सांग, पाणी बास कर. मुळं कुजतील. वरचा दिवा भाजतोय त्यांना."

छताला एक मोठा दिवा नेमका त्या झाडांवर रोखलेला होता. मी बाईंना सांगितलं. त्यांचं नाव मार्लीन. त्या म्हणाल्या, दिवा वळवायला माणूस बोलावलाय, पण तो संध्याकाळशिवाय येत नाही. तीन वाजता परीक्षक येणार. नवऱ्याची पाठ धरलीय म्हणून या वर्षी सगळं त्या एकट्यानं करतायत. हे सांगताना त्यांनी झारी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी कंबर धरली.

"दिवा हलत न्हाई तर झाडं हलवूया," आप्पा म्हणाले. "ही निळी त्या पुलाच्या सावलीत. आणि तिकडं ते लव्हेंडर सावलीत कशाला ठेवलंय? त्याला ऊन लागतंय. ते आण दिव्याखाली."

मी सांगत गेले, मार्लीनबाई ऐकत गेल्या. मग त्यांनी दोरी वर करून आप्पांना आत घेतलं.

आप्पांनी कोट काढून माझ्या हातात दिला. काठीही दिली. आणि ते वाफ्याच्या कडेला उकिडवे बसले.

दोन्ही हातांनी भुगा बाजूला सारून त्यांनी पहिली कुंडी मोकळी केली, उचलली, उभे राहिले, चार पावलं गेले, परत उकिडवे बसले, खड्डा केला, कुंडी ठेवली, भुगा ओढला. मग दुसरी. मार्लीनबाईंना धाप लागली, यांना नाही. पाऊण तासात त्यांनी वीस-बावीस कुंड्या हलवल्या. मधे एकदा गुडघ्यावर रेलून त्यांनी एका झाडाखालची पिवळी पानं खुडली. चेहऱ्याला रंग आला होता. मला बरं वाटत होतं. इतक्या महिन्यांनी या माणसाला काही करताना बघतेय, असं वाटत होतं. हातातल्या काठीकडे माझं लक्ष जायला त्यामुळं उशीर झाला.

लक्ष गेलं तेव्हा ते पंधराव्यांदा की विसाव्यांदा उकिडव्याचे उठत होते. कशालाही न धरता.

मार्लीनबाईंनी आम्हाला कॉफी आणून दिली आणि आप्पांचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ हलवला. धबधब्याच्या समोर एक बाक होता, तिथं आम्ही जाऊन बसलो. आप्पा रुमालानं बोटं पुसत होते.

"गुडघा दुखत नाही तुमचा," मी म्हणाले.

त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्या मांडीवरच्या काठीकडे बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले.

"आणि जानेवारीतला खोकला?"

"खोकला खरा होता. चार दिवस. पुढचा न्हाई."

"चक्कर?"

"ती आलीच न्हवती."

समोरून एक म्हातारं जोडपं गेलं. बाई फुलांची नावं मोठ्यानं वाचत होत्या आणि गृहस्थ वहीत लिहून घेत होते. 

"मी रोज तेल लावत होते आप्पा. दहा तास उभं राहून घरी यायची आणि तुमच्या पायाशी बसून तेल लावायची."

"लावत होतीस. लाज वाटायची मला. पण एकदा दुखतंय म्हटल्यावर मागं कसं घ्यायचं, कळंना."

"पण का? इथं काय आहे तुमचं? दिवसभर भिंतीकडे बघत बसता. तुम्हाला इथलं पाणीसुद्धा आवडत नाही."

आप्पांनी कॉफीचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पेला बाकावर ठेवला.

"तू जाणार आहेस न्हवं?" ते म्हणाले. "रणजितला सोडून."

मी हातातला पेला खाली ठेवला.

"माझं विमान दोन दिवसांवर होतं. सकाळी सहाला पाणी प्यायला उठलो. तू स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होतीस. आप्पा गेले की मी निघणार, त्यांच्यासमोर नको, असं म्हणालीस. तसाच मागं फिरलो, खोलीत गेलो आणि खोकायला लागलो."

"म्हणजे मला अडवायला राहिलात."

"मी हाय तवर तू न्हाई जाणार, एवढं कळलं होतं मला. तू तसली न्हाईस." त्यांनी रुमालाची घडी केली, मोडली. "वाटलं, एका घरात राहिली माणसं की काहीतरी निघतंय बोलायला. थंडी सरंल, जरा ऊन पडंल, मनं निवळतील. म्हटलं, एवढा वसंत येऊ दे."

"वसंत बघायचाय म्हणालात ते यासाठी?"

"मला काय करायचाय इथला वसंत? आमच्याकडं आत्ता पळस झडून गेला असंल."

मला राग यायला हवा होता. आलाही असेल, पण तो वर यायला अंगात ताकद नव्हती. जानेवारीपासून दोघं एकाच घरात, मी ते जायची वाट बघत आणि ते मी राहायची वाट बघत. दोघंही सकाळी खिडकीशी उभे राहून उणे आठ की उणे दहा, एवढंच बोलत.

"सोमवारी मला उत्तर द्यायचंय," मी म्हणाले. "नवी नोकरी आहे. लांब. तेच सांगायला आज तुम्हाला इथं आणलं."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "रणजितनं हात उचलला कधी तुझ्यावर?"

"नाही."

"दुसरी कोण आहे त्याची?"

"नाही."

"पितोय?"

"नाही आप्पा. यातलं काहीच नाही."

"मग?"

हा प्रश्न बहिणीनंही विचारला होता आणि तिला मी काहीबाही सांगितलं होतं. आप्पांना मात्र खरं ते सांगितलं. का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कदाचित त्यांनीही आत्ताच खरं सांगितलं होतं म्हणून.

"मागच्या वर्षी मी त्याच्याशी बोलणं बंद केलं," मी म्हणाले. "भांडून नाही. नुसतं बघायला. त्यानं विचारलं तर हो-नाही म्हणायचं, आपणहून एक शब्द बोलायचा नाही. किती दिवसांनी तो विचारतो, काय झालं म्हणून, ते बघायचं होतं. आठवडा गेला, दोन गेले. स्वयंपाक करत होते, कपडे धूत होते, वीकेंडला शेजारी बसून जेवत होते. चाळीस दिवस झाले. चाळिसाव्या दिवशी मीच बोलले, कारण माझी मलाच भीती वाटायला लागली."

"मग तो काय म्हणाला?"

"काही नाही. त्याला कळलंच नव्हतं."

"चाळीस दिवस?"

"हो."

धबधब्यामागचा पंप घरघरला, बंद पडला, परत सुरू झाला. आप्पा त्या पाण्याकडे बघत बसले. त्यांचा खालचा ओठ जरासा पुढं आला होता. रणजितचाही विचार करताना तसाच यायचा. मला वाटलं, आता ते मुलाची बाजू घेणार आणि त्यासाठी शब्द जुळवतायत.

"त्याच्या आईनं कधी मोजलं न्हाई," ते म्हणाले. "मोजलं असतं तर चाळिसाच्या लई वर गेलं असतं."

मी त्यांच्याकडे वळले.

"मी सकाळी सहाला बागेत जायचो. रात्री जेवायला घरी. ती वाढायची, मी जेवायचो. बोलत होती का गप्प होती, मला आत्ता आठवत न्हाई. खरंच आठवत न्हाई. ती गेल्यावर लोक भेटायला यायचे, म्हणायचे, वैनी किती गमतीदार बोलायच्या. मी म्हणायचो, व्हय." त्यांनी डोळे पुसले नाहीत, त्यांत पाणीही नव्हतं. खूप लांबून चालत आल्यासारखा चेहरा झाला होता फक्त. "पोरगं तेच बघत वाढलं."

मग ते उठले. कोट घातला, सगळी बटणं लावली.

"माझं तिकीट काढ," ते म्हणाले. "येत्या आठवड्यातलं. रणजितला मी सांगतो. तू न्हाई सांगायचंस."

 घरी पोचल्यावर मी खिचडी टाकली आणि दोघं जेवलो.

रविवारी दुपारी रणजित आला. आप्पा त्याला खालच्या तळघरात घेऊन गेले आणि दार लावलं. मी वर कणीक मळत होते. आवाज अजिबात येत नव्हता, तेव्हा ते भांडत नव्हते एवढं कळत होतं. अर्ध्या तासानं जिन्यावर रणजितची पावलं वाजली. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. अंगात अजून प्रवासाचा शर्ट होता.

"कधी?" त्यानं विचारलं.

"काय कधी?"

"कुठले चाळीस दिवस?"

"ऑगस्टच्या अखेरीपासून. ऑक्टोबर लागल्यावर बोलले. आप्पा यायच्या आठवडाभर आधी."

तो आठवायला लागला. खरोखर मनापासून आठवत होता, कपाळाला आठ्या घालून. एखादी हरवलेली वस्तू शेवटी कुठं पाहिली होती ते आठवतात तसं. मी हात पिठात तसेच ठेवून थांबले. अजूनही त्याला काहीतरी सापडावं, एखादी संध्याकाळ, एखादं जेवण, असं मला वाटत होतं.

"तेव्हा ऑडिट होतं आमचं," तो म्हणाला.

म्हणाला आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्यानं खुर्ची ओढली आणि बसला. "तू सांगायचंस तरी," तो हळूच म्हणाला.

"सांगितल्यावर कुणालाही कळतं, रणजित."

तो बसून राहिला. मी पोळ्या केल्या. पहिल्यांदाच तो पूर्ण वेळ स्वयंपाकघरात होता आणि पहिल्यांदाच आम्हा दोघांनाही, आपण बोलत नाही, हे कळत होतं.

सोमवारी सकाळी मी अल्बुकर्कीला फोन करून हो सांगितलं. आप्पा समोर टेबलाशी बसून ऐकत होते. गुरुवारी त्यांचं विमान होतं. विमानतळावर त्यांनी रणजितला सामान तोलायला पाठवलं आणि मला म्हणाले, "मी तुझे तीन महिने खाल्ले. ते काय मला परत देता यायचे न्हाईत." मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिथंच राहिला.

एप्रिलच्या मध्याला मी निघाले. त्या दिवशीही बर्फ पडत होता. पुढच्या वर्षी कागदोपत्रीही वेगळे झालो, एकमेकांना फारसं न दुखवता. दुखवायला जी ओळख लागते, तीही आमच्यात उरली नव्हती. आप्पा मात्र महिन्या-दोन महिन्यांनी कोल्हापूरहून फोन करायचे. हवापाणी विचारायचे, लॅबमध्ये काय चाललंय ते विचारायचे, आणि मी सांगत असताना मधे बोलायचे नाहीत. असं सहा वर्षं चाललं.

ते गेल्याचं रणजितनं कळवलं. कोल्हापूरहूनच बोलत होता. सकाळी अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले, म्हणाला. मग मी त्यांच्या उठण्या-बसण्याचं, जेवणाचं, शेवटच्या दिवसांचं विचारत गेले आणि तो सांगत गेला. मधेच त्यानं विचारलं, तू कशी आहेस, आणि मी "बरी आहे" म्हटल्यावर त्यानं परत विचारलं, "नाही, कशी आहेस?" मीही मग सांगितलं. घड्याळाकडे बघितलं तेव्हा दीड तास झाला होता. लग्नाच्या अकरा वर्षांत एवढं सलग आम्ही एकदाही बोललो नव्हतो.

"ठेवतो आता," तो म्हणाला.

"हं," मी म्हणाले.

पण त्यानं लगेच ठेवला नाही, आणि मीही नाही.